खोलीवरून काळ काढताना खड्डे विसरू नका

पुरातत्त्वीय उत्खननात ‘जितकं खोल, तितकं जुनं’ असं म्हटलं जातं. ते ढोबळमानाने ठीक आहे, पण फक्त टेप लावून काळ ठरत नाही. पुणे जिल्ह्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव हे उत्खनन झालेलं ठिकाण घ्या. तिथे जोर्वे काळातली (सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची) माणसं लहान मुलांना घराच्या जमिनीखालीच पुरायची. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत मूल. त्यासाठीचा खड्डा खालच्या जुन्या थरात घुसतो. म्हणजे मडकी सापडतात जुन्या मातीत, पण ती असतात नंतरची! म्हणून आधी खड्ड्याची कड शोधायची. आतली माती भुसभुशीत, रंगाला वेगळी असते. खड्डा ज्या जमिनीवरून खणला, तो त्याचा खरा थर.

हे नीट केलं की मग गोष्ट उलगडते. इनामगावात इ.स.पू. 1000 च्या सुमारास चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात, शेती घटते, शिकार वाढते. तिथे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. मला तो तर्क पटतो, पण नुसत्या झोपड्यांच्या आकारावरून दुष्काळ सिद्ध होत नाही. हाडं, धान्याचे जळके दाणे आणि नदीचा गाळ हे सगळं एकत्र वाचावं लागतं.