प्रोस्टेट काढल्यावर पीएसए ०.३, पण पेट स्कॅन कोरा

प्रश्न: प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारं प्रथिन, नॅनोग्रॅम/मिली) दोनदा ०.२ च्या वर, आता ०.३. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी चमकवून दाखवणारा स्कॅन) काहीच नाही. म्हणजे धोका टळला का? रेडिएशन लांबवावं का?

उत्तर १: कृपया लांबवू नका. पीएसए ०.५ च्या खाली असताना हा स्कॅन साधारण दहापैकी चौघांतच काही दाखवतो, २ च्या पुढे आठांहून जास्त जणांत. बारीक गाठ चमकतच नाही. प्रोस्टेटच्या जागेवरचं रेडिएशन ०.५ च्या आत सुरू झालेलं बरं. स्कॅनमध्ये काही दिसावं म्हणून पीएसए वाढू देणं फार महागात पडतं.

उत्तर २: पुढचा अंदाज बांधताना आधी पीएसए दुप्पट व्हायला किती महिने लागतात ते काढा, तेही एकाच लॅबच्या आकड्यांवरून. वर्षभरात दुप्पट, किंवा पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये ग्रेड ग्रुप (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारी १ ते ५ श्रेणी) ४-५, तर धोका जास्त.

उत्तर ३: स्कॅनसाठी कोणतं किरणोत्सारी औषध टोचलं तेही रिपोर्टमध्ये बघा. गॅलियम-६८ पीएसएमए-११ लघवीतून बाहेर पडतं. मूत्राशय लख्ख उजळतं आणि मूत्रमार्गाच्या जोडाजवळचा ठिपका झाकला जातो. शंका असेल तर ओटीपोटाचा एमआरआय करावा. पीएसएमए-१००७ या दुसऱ्या औषधामध्ये ही अडचण कमी, पण बरगडीत फिकट ठिपके दिसतात. तेवढ्यावरून ‘हाडात पसरला’ असं ठरवू नका.