Re: निसर्गोपचार म्हणजे आयुर्वेदच ना?

नाही हो, वर ज्यांनी दोन्ही एकच म्हटलंय त्यांची गल्लत होतेय. आयुर्वेदात काढे, चूर्णं, भस्मं असतात, निसर्गोपचारात औषध हा प्रकारच नाही, पोटातून द्यायचं ते अन्न नाहीतर उपास, बाकी सगळं माती, पाणी, ऊन, वाफ न् मसाज. पुण्याजवळ उरुळी कांचनचा आश्रम गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केला, पुढे मणिभाई देसाईंनी तो सांभाळला, तिथे अजूनही हेच चालतं. पोटावर ओल्या मातीची पट्टी, एनिमा, आणि कटिस्नान म्हणजे टबात फक्त कंबर-पोट पाण्यात ठेवून बसायचं, पाय बाहेर (पहिल्यांदा हसूच येतं!). गंमत म्हणजे हे कटिस्नान गाजवलं लुई कुने नावाच्या जर्मन माणसाने, म्हणजे सगळंच काही आपल्या ऋषीमुनींचं नाही.

माझं मत विचाराल तर वजन, अ‍ॅसिडिटी, बद्धकोष्ठ यासाठी जाऊन बघायला हरकत नाही, निम्मा फरक तर बेचव जेवण न् वेळेवर झोप यानेच पडत असावा. पण डायबेटीसवाल्यांनी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, शुगर वाढते, आणि गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपासही करू नका प्लीज, शुगर धाडकन खाली येऊ शकते. आणि जाल तिथे डॉक्टर साडेपाच वर्षांचा बीएनवायएस (निसर्गोपचार न् योगाची पदवी) केलेला आहे का ते आधी विचारा, आठवड्याच्या कोर्सवाले गल्लोगल्ली झालेत.