खुब्याचा एमआरआय आला, पण दुखतंय कशामुळे? मदत हवी आहे

रेवा१२:
चार महिने उजवा खुबा दुखतोय. एक्स-रे नॉर्मल होता. काल एमआरआयचा रिपोर्ट आला: लॅब्रल टेअर (म्हणजे खुब्याच्या खोबणीची मऊ कड, लॅब्रम, फाटलाय), सौम्य कॅम (मांडीच्या हाडाच्या गोळ्याजवळ जास्तीचा उंचवटा), सांध्यात किंचित पाणी. डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनी मिळालीय, तोवर कसा धीर धरू? लॅब्रम फाटलाय म्हणजे ऑपरेशनच ना? लवकर सांगा.

निशिगंध:
नेमकं दुखतं कुठे? वय काय? पडला होतात का?

पाऊलवाट:
ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नका! माझाही लॅब्रम फाटला होता. रोज सकाळी गुडघे छातीशी ओढायचे, तीन महिन्यांत मोकळी झाले.

काळीमाती:
@पाऊलवाट, कॅम असेल तर गुडघा छातीशी ओढताना हाडावर हाड घासतं, दुखणं वाढू शकतं. तुम्हाला लागू पडलं, आनंद आहे. पण त्यांना तपासल्याशिवाय सांगू नका.

पाऊलवाट:
मी अनुभव सांगितला. फिजिओनेच शिकवलं होतं.

मोरपीस:
मशीनमध्ये गुदमरायला होत असेल तर आत जायच्या आधीच डोळ्यांवर रुमाल घ्या. मला फार उपयोग झाला.

रेवा१२:
एमआरआय झालाय हो! वय ४७. पडले वगैरे नाही.

दूरचादिवा:
स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या का कधी? माझ्या मेव्हण्याचा एक्स-रेही नॉर्मलच होता, एव्हीएन निघालं, म्हणजे रक्तपुरवठा थांबून खुब्याचं हाड मरत होतं.

काळीमाती:
एव्हीएन असतं तर याच एमआरआयमध्ये दिसलं असतं. उगाच घाबरवू नका त्यांना.

निशिगंध:
रेवाताई, कुठे दुखतं ते राहिलंच. एका बोटाने दाखवा. सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं.

रेवा१२:
जांघेत नाही. बाहेरच्या बाजूला, पँटच्या खिशाखाली हाड लागतं तिथे. रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते. जिना चढतानाही दुखतं. रिपोर्टमध्ये शेवटी 'ग्लुटिअस मीडियसच्या टेंडनला सूज' (कुल्ल्याचा स्नायू हाडाला जोडणारा दोर सुजलाय) असंही आहे, ते किरकोळ वाटलं म्हणून लिहिलं नव्हतं.

निशिगंध:
अहो, तीच ओळ महत्त्वाची! लॅब्रम फाटलेला कितीतरी जणांच्या एमआरआयमध्ये दिसतो आणि त्यांना काहीच दुखत नसतं. तुम्ही सांगताय ती जागा त्या टेंडनची आहे. भिंतीला बोट टेकवून उजव्या पायावर ३० सेकंद उभ्या राहून बघा.

काळीमाती:
सहमत. तरी शंका राहिलीच तर डॉक्टर सांध्यात भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात. दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं तर मूळ सांध्यातच. कमरेचा मणकाही तपासायला सांगा, तिथून कळ खुब्यात उतरते. आणि ताप आला किंवा पायावर भारच देता येईना, तर दहा दिवस थांबू नका.

रेवा१२:
आत्ता उभी राहिले. अकरा मोजेपर्यंत अगदी तिथेच कळ आली.

निशिगंध:
डॉक्टरांना हे असंच्या असं सांगा. तोवर डाव्या कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या, पायावर पाय टाकून बसू नका.

मोरपीस:
उशी कापसाची घ्यावी की फोमची?