मदत हवी आहे: नव्या पंच वहिनीला हिशेब नि नियम शिकायचेत

मंडळी, आमची वहिनी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरून, राखीव प्रभागातून पंच (ग्रामपंचायत सदस्य) झाली. शिक्षण बारावीपर्यंत. माणसांना सांभाळण्यात हुशार, पण कागद समोर आला की गडबडते.

गेल्या बैठकीत तिने वाड्यावरच्या रस्त्यासाठी वित्त आयोगाचा निधी मागितला. सचिवांनी सांगितलं की त्यातला मोठा हिस्सा बांधील आहे. ती गप्प बसली. घरी येऊन मला विचारलं, "भावजी, बांधील म्हणजे काय?" मलाही शोधावं लागलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातला ६० टक्के भाग बांधील, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा, उरलेला ४० टक्के गावाच्या इतर गरजांना. पगार किंवा आस्थापनेवर मात्र नाही. एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर रस्त्याची मागणी तिने ४० टक्क्यांत बसवली असती.

प्रशिक्षणाला ती एकदा जाऊन आली. दोन दिवस, सगळ्या स्लाइड इंग्रजीत. जेवण छान होतं म्हणते.

तर विचारायचं असं: १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याचं सोप्या मराठीतलं काही पुस्तक किंवा टिपणं कुणाकडे आहेत का? जुने गोवें, एला इथल्या जिपार्डच्या (पंचांना शिकवणारी सरकारी संस्था) वर्गांना नाव कसं द्यायचं, गट विकास कार्यालयातूनच का? आणि ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा आराखडा नि खर्च कसा बघायचा, हे कुणी जुना पंच किंवा सचिव फोनवर तासभर समजावेल का? पुढची ग्रामसभा जवळ आलीय, त्याआधी झालं तर बरं.