तिबोटीचं घरटं कुठे आहे, हे मित्रालाही सांगायचं नाही?

कवडीकर

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या पाच जणांचा आमचा कंपू. बारा वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात पुण्याजवळ कवडी पाटला भेटलो, तेव्हापासूनचा. मुळा-मुठेचा तो वास, काठावर प्लॅस्टिकचा खच, आणि त्यातच उतरलेले चक्रवाक, शेकाटे, धोबी. नाकाला रुमाल बांधून, चिखलात पोटावर पडून शिकलो सगळे. एकाकडे तेव्हा नुसती कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट लेन्स होती. माझी लांब पल्ल्याची १५०-६०० लेन्स त्याच्याकडे दोन हिवाळे पडून होती, मी एकदाही मागितली नाही.

गेल्या पावसाळ्यात याच मित्राने तिबोटी खंड्याचा फोटो टाकला. चोचीत सापसुरळी, मागे ओला हिरवा अंधार. बघत राहावं असा. खाली ठिकाण काय, तर 'पश्चिम घाट'. म्हणजे तापीपासून कन्याकुमारीपर्यंत शोधत बसा! ग्रुपवर विचारलं, तर नुसता अंगठा. फोन केला, तर "सांगतो रे नंतर." पुढे तिसऱ्याकडून कळलं, की पठ्ठ्या तिथे तीनदा जाऊन आला, आणि तेही ऑफिसातल्या नव्या मंडळींना घेऊन.

माझं म्हणणं एवढंच, की छंदातल्या दोस्तीत जागा लपवायची नसते. यातून आपण पैसे कमवत नाही, घालवतोच. चुकतंय का माझं?

जुना रोल

राग मानू नका, पण मित्राने बरोबर केलं.

सहा वर्षांपूर्वी अशीच एक जागा मी आमच्या ग्रुपवर टाकली होती. बत्तीस जणांचा ग्रुप, म्हटलं आपलेच तर आहेत. हा पक्षी चिमणीएवढा, पावसाळ्यात घाटात नि कोकणात येऊन ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत आडवं बीळ खणतो. म्हणजे नकाशावरची पिन मिळाली की गाडीतून उतरून दहा पावलांवर घरटं. पुढच्या रविवारी गेलो, तर अकरा गाड्या उभ्या. बिळासमोर लोंबणारी मुळं कोणीतरी कात्रीने साफ केली होती, समोरून मोकळं दिसावं म्हणून. पक्षी फांदीवर, चोचीत खेकडा. डोकं खालीवर करायचा, पण आत जाईना. घड्याळ लावून पाहिलं, चाळीस मिनिटं. तेवढा वेळ शटर मात्र चालू होते. माझंही.

त्याच्या पुढच्या रविवारी बीळ रिकामं. खाली मातीत बुटांचे ठसे तेवढे.

तेव्हापासून मी सख्ख्या भावालाही सांगत नाही. सांगितलं की ते त्याच्या मित्राचं होतं, मग त्याच्या मित्राच्या मित्राचं.

आयएसओ ६४००

@जुना रोल, तुमचा पश्चात्ताप खरा असेल. पण कवडीकरांच्या मित्राचं काय? घरट्याला माणसांचा त्रास होतो हे त्याला कळत होतं, तर तीनदा कशाला गेला? आणि नवी मंडळी चालतात, बारा वर्षांचा मित्र चालत नाही, हे कुठलं संवर्धन? सरळ सांगा ना, फ्रेम आपल्या एकट्याकडे हवी. तसं कबूल केलं तर माझी काही हरकत नाही. पण पक्ष्याच्या नावाने सोवळं नेसू नका.

आणि जागा उघडी झाली की वाटोळंच होतं असंही नाही. भिगवण बघा. उजनीच्या फुगवट्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कुंभारगाव, डिकसळकडे होड्यांवर आणि जेवणावर किती घरं चालतात. पक्ष्याच्या किती जवळ जायचं, हेही तिथला नावाडीच तुम्हाला शिकवतो.

जुना रोल

भिगवणला रोहित थव्याने चरायला येतात हो, घरटी करायला नाही. त्यांची वीण कच्छच्या रणात. थव्याला होडी नको झाली, तर थवा उठून पलीकडे बसतो. बिळातलं पिल्लू कुठे उठून बसणार?

तीनदा जाण्याचा मुद्दा मात्र मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

परड्यातला

मी चिपळूणकडचा. तुमची चर्चा वाचून जरा हसू आलं. माझी जागा, मित्राची जागा, सांगायची की लपवायची... अहो, ती दरड आमच्या गोठ्यामागे आहे! दर पावसाळ्यात शीळ ऐकतो आम्ही. दोन वर्षांपूर्वी एक जण आला, आईने चहा दिला. दुसऱ्या आठवड्यात सहा आले, नंतर मोजणं सोडलं. वाडीतली म्हैस रस्त्यावरून जायला निघाली, तर एक साहेब म्हणतात, "जरा पाच मिनिटं थांबवा, पक्षी आत जातोय." म्हशीला काय सांगणार?

आता मी दोरी बांधली आहे. एका वेळी दोघं, वीस मिनिटं, फ्लॅश नाही, मोबाइलवर शीळ वाजवायची नाही. काही जण नाकं मुरडून परत गेले, जाऊ देत. पण तुमच्यापैकी कोणाला 'तिथे राहणाऱ्यांना विचारलं का' असं म्हणावंसं वाटलं नाही, हे नमूद करतो.

छत्रीवाली

@परड्यातला, दोरीला नमस्कार.

@कवडीकर, माझा अनुभव वेगळा आहे. मला जागा सगळे सांगतात, मित्रमैत्रिणी कमी नाहीत. पण आंबोलीत भर पावसात मी बेडकाचा फोटो घेत होते तेव्हा स्वतःचा कॅमेरा बॅगेत ठेवून अर्धा तास माझ्यावर छत्री धरणारी एकच होती. तीच मला घरी आल्यावर म्हणाली, "डोळा फोकसमध्ये नाही, टाकू नकोस." बाकीच्यांनी तोच फोटो बघून 'अप्रतिम' लिहिलं होतं. तुम्हाला जागा हवी होती की त्याने "चल" म्हणायला हवं होतं? मला वाचून दुसरंच वाटलं.

आयएसओ ६४००

इथेही शेवटी भावनांवर आलोच.

कवडीकर

@छत्रीवाली, दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण बोट बरोबर जागी ठेवलंत. पिन पाठवली असती तरी मी एकट्याने गेलो नसतो बहुतेक. दीडेकशे किलोमीटर पावसात एकटं गाडी मारायची आणि वाटेत मिसळ खायला समोर कोणी नाही. @जुना रोल, ती चाळीस मिनिटं डोक्यातून जात नाहीत.

काल त्याला फोन केला. घरट्याचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. "रविवारी कवडी, पावणेसहा," एवढंच म्हणाला. येतो म्हटलं.

आणि ज्यांनी खासगीत विचारलं त्यांच्यासाठी: हो, १५०-६०० परत आली. लेन्सचं हूड अजून त्याच्याकडेच आहे.