गाडी बोगद्यात शिरली... (झोप आणि झोपमोडीचे अनुभव)

मंजिरी_शुक्रवार (सकाळी ११:२०)

काल पहाटे तीनच्या सुमाराला लाईट गेले. पंखा थांबला आणि मी दचकून उठले. आवाजाने जाग येते हे ठीक, पण आवाज बंद झाला म्हणून? अंधारात पडल्या पडल्या लक्षात आलं, ही सवय चाळीस वर्षं जुनी आहे.

शुक्रवार पेठेत वाड्यात आमच्या दोन खोल्या. बाबा घोरायचे म्हणजे काय घोरायचे! खालचे बिऱ्हाडकरू सकाळी नळावर विचारायचे, "काल मालगाडी लेट होती वाटतं?" आणि मध्येच घोरणं एकदम थांबायचं. पार बंद. मी आणि दादा गोधडीत कुजबुजायचो, "गाडी बोगद्यात शिरली." मग आकडे मोजायचे. वीस, पंचवीस, कधी तीसच्या पुढे. मग हुंदका दिल्यासारखा मोठ्ठा आवाज, बाबा कुशीवर वळायचे, गाडी सुरू. जो न हसता शेवटपर्यंत मोजेल तो जिंकला. आई म्हणायची, "दमलेत रे, गाढ झोप लागलीय."

गाढ कसली! दिवसा हातात घास धरून पेंगायचे. एकदा स्कूटरवर सिग्नलला डुलकी लागली, मागच्या रिक्षावाल्याने हलवून उठवलं. बीपीच्या गोळ्या होत्याच. एकसष्टाव्या वर्षी झोपेतच गेले. कशाने, ते आता कोण सांगणार, आणि मीही जोडाजोड करत बसत नाही.

गेल्या महिन्यात दादाची झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून रात्रभर झोपायचं. तासाला ३८ वेळा श्वास अडतोय किंवा मंदावतोय! ३० आणि वर म्हणजे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, झोपेत श्वास अडण्याचा आजार. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागं करतो, की पुन्हा झोप. सकाळी यातलं काही आठवत नाही, माणूस म्हणतो मी चांगला आठ तास झोपलो. रिपोर्ट आल्यावर दादाने फोन केला आणि एवढंच म्हणाला, "मंजे, आपण मोजायचो ना, ते हेच."

तर लिहा. तुमची झोप कशाने मोडते, मोडायची, कशी परत आली. औषधांचे डोस नकोत, अनुभव हवेत.

पेंगुळलेला (११:४१)

बोगदा!! आमच्याकडे "रेडिओची बॅटरी गेली" म्हणायचे. आता काकांना फोन करतो.

वामकुक्षी (दुपारी १२:०५)

माझं नावच बघा. जेवण झालं की डाव्या कुशीवर वीस मिनिटं, आजोबांची शिस्त. मला रात्री घशाशी आंबट येऊन जाग यायची, खोकला, छातीत जळजळ. डॉक्टर म्हणाले रात्री पण डाव्या कुशीवर झोपा, जठर खालच्या बाजूला राहतं, आम्ल वर चढत नाही. म्हटलं हे तर आमच्याकडे नावासकट आहे! शिवाय जेवण साडेदहावरून आठवर आणलं आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या. उशांची चळत लावून उपयोग नाही, मान तेवढी मोडते. आता १ ते ४ फोन करू नये.

सायली_वारजे (१२:३८)

कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. मला संध्याकाळनंतर पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. दुखत नाही, मुंग्या नाहीत, आत काहीतरी वळवळतं. पडलं की जास्त. उठून चाललं की थांबतं, पडलं की परत. नवरा म्हणायचा लाथा मारतेस. मी साडीने पाय घट्ट बांधून झोपायचे, खरंच. आई म्हणाली पोटरीला तेल लाव, सासूबाई म्हणाल्या काशाच्या वाटीने तळपाय घासून घे. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. शेवटी कुणीतरी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासायला सांगितलं. ११, म्हणजे फारच कमी! हिमोग्लोबिन मात्र बरं होतं, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यात मी शहाणी गोळी सकाळच्या चहाबरोबर घ्यायची. चहाने लोह अंगी लागत नाही म्हणे. मग लिंबू सरबताबरोबर. तीनेक महिन्यांनी एक दिवस लक्षात आलं की रात्रीत उठलेच नाही. शिट्टी झाली, पळते

घुबड (रात्री २:४७)

आत्ता २:४७ झालेत. एवढा प्रतिसाद पुरेसा आहे ना?

टेकडीवाला (पहाटे ४:५०)

@घुबड फोन ठेव आधी.

घुबड (४:५२)

तुम्ही काय करताय मग?

टेकडीवाला (४:५३)

टेकडीवर निघालोय, माझी सकाळ आहे. रात्री साडेनऊला ठार झोपतो. बायको म्हणते कोंबड्यांशी लग्न केलंय.

शिफ्टवाला (सकाळी ९:१०)

आत्ताच घरी आलो. हिंजवडी, सहा वर्षं अमेरिकेची शिफ्ट. कामाचं काही नाही हो, त्रास सकाळचा. वाकडच्या पुलावर सूर्य समोरून तोंडावर येतो, आणि कितीही दमलो असलो तरी घरी पोचेपर्यंत टक्क जागा. आता कॅबमध्ये काळा गॉगल लावूनच बसतो, ड्रायव्हर हीरो म्हणतो. बेडरूमला जाड काळे पडदे. तरी साडेदहाला भंगारवाला, रेकॉर्ड लावलेला, "जुनं पुराणं, रद्दी पेपर..." मग कुरियर. मग वरच्या मजल्यावर ड्रिल. या शहराला दुपारी १ ते ४ झोपायचा हक्क आहे, सकाळी ९ ते ४ झोपणारा मात्र आळशी. शेजारच्या आजींनी आईला विचारलं, "मुलगा आजारी असतो का?"

फळमाशी (९:३२)

@शिफ्टवाला गॉगलचं बरोबर करताय. शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं. २०१७ चं वैद्यकाचं नोबेल यावरच होतं, हॉल, रॉसबॅश आणि यंग, फळमाश्यांवर काम केलेलं. एक प्रथिन रात्री पेशीत साठतं, दिवसा विरतं, चक्र साधारण चोवीस तासांचं. म्हणजे तुम्ही माशीशी भांडताय, सूर्याशी नाही. (माझं आयडी आता कळलं असेल.)

शिफ्टवाला (९:३५)

माशी पण १० ला झोपत नाही म्हणायचं. चला, पडदे ओढतो.

कर्वेरोडकर (१०:१५)

सरळ बोलतो, आमची झोप जुलैपासून ढोल खातात. नदीपात्रात सराव आणि आवाज आमच्या गॅलरीत. रात्री निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, कागदावर. ४५ डेसिबलला आमचा फ्रीज वाजतो.

पथकातली (१०:२८)

मी वादक. आमच्या पथकाचा सराव रात्री दहाच्या आत संपतो, घड्याळ लावून. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती कुणाच्या असतात ते तुम्हालाही माहीत आहे, ढोलाला कशाला? सरावाहून आल्यावर मला जी झोप लागते ना काका, तशी वर्षभर लागत नाही.

कर्वेरोडकर (१०:३१)

तुम्हाला लागते हो. माझी घेऊन जाता ना तुम्ही.

मंजिरी_शुक्रवार (१०:५०)

😂 दोघांनाही चहा. ढोलासाठी वेगळा धागा काढा, प्लीज, इथे झोपू द्या.

अण्णा_नारायण पेठ (११:४४)

मी फोनवर बोटाने लिहितो, चुका माफ. वय ७३. १२ जुलै १९६१ ला मी नऊ वर्षांचा होतो. पानशेतचं धरण फुटलं, पाणी आलं ते दिवसाढवळ्या, आम्ही उंचावरच्या नातलगांकडे पळालो म्हणून वाचलो. घर उभं राहिलं पण आत गाळ. त्यानंतर आईची पावसाळ्यातली झोप गेली ती गेलीच. रात्री सर आली की ती उठून बसायची नाही, बोलायचीही नाही. फक्त गादीतून हात खाली सोडायची आणि तळहात फरशीवर ठेवायची. कोरडी आहे हे बघायची. थोड्या वेळाने पुन्हा. आम्ही पुढे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो, तिथेही. मी शेजारी झोपायचो, मला तिच्या बांगड्या फरशीला लागल्याचा आवाज यायचा. याला काय म्हणतात ते डॉक्टर लोकांनी सांगावं. तेव्हा कुणी काही म्हणत नसे.

सायली_वारजे (११:५८)

अण्णा 🙏 वाचून हात थांबला.

वामकुक्षी (दुपारी १२:०२)

अण्णा, लिहीत राहा. चुका बिलकुल नाहीत.

चिंचोका (१२:४०)

माझा किस्सा लांब आहे. दोन वर्षं निद्रानाश. सुरुवात ऑफिसच्या एका भानगडीने झाली, भानगड तीन महिन्यांत मिटली, झोप काही परत आली नाही. नऊ वाजले की पोटात गोळा, आज येईल का. लवकर झोप मिळावी म्हणून साडेनऊलाच पडायचो आणि दोनपर्यंत छत बघायचो. घड्याळ बघायचं आणि हिशोब, आत्ता लागली तर साडेचार तास, आत्ता लागली तर चार. जायफळ दुधात उगाळून झालं, खसखस झाली, रामरक्षा झाली, मोबाईलवर पावसाचा आवाज झाला (त्याने लघवीला लागायची). अर्धी गोळीही झाली. ती हळूहळू एक झाली तेव्हा घाबरलो.

मग एक मानसोपचारतज्ज्ञ मॅडम भेटल्या. त्यांनी उलटंच सांगितलं. साडेबाराच्या आधी पलंगावर जायचं नाही. सहाला उठायचंच, झोप लागो न लागो, रविवारीही. दुपारची डुलकी बंद. आणि पलंगावर वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं की उठून बाहेर जायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, डोळे मिटायला लागले की मगच आत. घड्याळ भिंतीकडे तोंड करून. गोळी त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केली, एकदम सोडायची नाही असं बजावलं.

कंटाळवाणं म्हणजे काय, तर बायकोने पाच किलो चिंच आणून ठेवली होती. मी रात्री एक वाजता ओट्याजवळ पाटावर बसून चिंच फोडायचो. शिरा काढायच्या, चिंचोके वाटीत. टक्, टक्. पहिले दोन आठवडे नरक होता. दिवसा डोळे तांबारलेले, मीटिंगमध्ये जांभया, गाडी चालवायची बंद केली होती. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री चिंच फोडता फोडता मान पडली. उठून पलंगापर्यंत गेलो ते आठवतं, पुढचं नाही. सकाळी बायको ओरडली, अर्धी चिंच तशीच का?

मग झोपायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली. आता सव्वाअकरा ते सहा. महिन्यातून एखादी रात्र जाते अजून, पण पोटात गोळा येत नाही.

घुबड (१२:५५)

@चिंचोका मॅडमनी सांगितलेल्याला काही नाव आहे का? खरंच विचारतोय.

चिंचोका (१:०३)

निद्रानाशासाठीची वर्तन-उपचार पद्धत, इंग्रजीत सीबीटी-आय. पण तुम्ही आधी संध्याकाळी चहा किती घेता ते सांगा.

घुबड (१:०५)

अमृततुल्यला सातला दोन, नऊला एक. घरी एक. कटिंग असतो हो!

फळमाशी (१:११)

चार कटिंग. कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. नऊच्या चहातलं अर्धं दोन-अडीचला तुमच्याबरोबर धागे वाचत बसलेलं असतं.

पन्नाशी_पार (दुपारी ३:२०)

बायकांनो, तीन वाजता भट्टीसारखं अंग पेटून उठणं कुणी लिहिणार की नाही? गाऊन ओला, पाच मिनिटांनी थंडी. मी फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभी असताना मुलाने बघितलं, त्याला वाटलं आई रात्री श्रीखंड खाते. पाळी जायच्या वयात झोप मोडते हे कुणीच सांगितलं नव्हतं, मी आपली थायरॉईड तपासत बसले (नॉर्मल). आता आमच्याकडे एक पलंग, दोन पांघरुणं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला मात्र उगीच वर्ष घालवलं.

सायली_वारजे (३:२६)

आणि श्रीखंड खाल्लं की नाही?

पन्नाशी_पार (३:२७)

खाल्लं ना. उघडलाच होता तर.

आर्याची_आई (संध्याकाळी ६:१५)

मंजिरीताई, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. माझी पाच वर्षांची, तोंड उघडं टाकून झोपायची, घोरायची, मान मागे टाकून. सगळे म्हणायचे किती गोड घोरते. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकले आम्ही. दिवसा चिडचिड, शाळेतून तक्रार की एका जागी बसत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तोच व्हिडिओ बघितला आणि म्हणाले परत दाखवा. अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, वाढलेले. ऑपरेशन झालं. पहिल्या रात्री घरी आल्यावर खोलीत इतकं शांत होतं की मी चार वेळा नाकाखाली बोट धरून बघितलं. चौथ्या वेळी ती उठली आणि म्हणाली, "आई, झोपू दे ना!"

शांता_कोथरूड (रात्री ८:४०)

हे गेल्यापासून अजून पलंगाच्या डाव्या अर्ध्यातच झोपते. उजवीकडे धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवते. रात्री हात लागला तर बरं वाटतं.

मंजिरी_शुक्रवार (रात्री ९:५५)

शांताकाकू ❤️ अण्णा, तुमचं दोनदा वाचलं.

अपडेट: दादाला मशीन मिळालं, मास्कमधून सतत हवेचा दाब देणारं. पहिल्या रात्री म्हणे हत्तीची सोंड लावून झोपल्यासारखं वाटलं. आठवड्याने म्हणतो दुपारी पेंग येत नाही. वजनाचंही बघायला सांगितलंय. वहिनीची मात्र झोप उडालीय, घोरणं नाही म्हणून. काल तिचा फोन, "अगं, रात्री इतकं शांत असतं की मी त्यांना हलवून बघते." म्हटलं, मशीनवर आकडे दिसतात सकाळी, ते बघ. काल २ होता. ३८ चा २.

पेंगुळलेला (रात्री १०:१०)

काकांशी बोललो. म्हणाले "मी घोरतच नाही, तुझी काकू खोटं बोलते." मागून काकू: "रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे." शनिवारी डॉक्टरकडे नेतोय.

सायली_वारजे (१०:२२)

@चिंचोका एक विचारायचं राहिलं, पाच किलो चिंच मंडईतून घेतली की गावाकडची? आमची दरवर्षी काळी पडते.

चिंचोका (१०:२४)

गावाकडची. मीठ लावून बरणीत घट्ट दाबून भरा. आणि या वर्षीची फोडायची शिल्लक आहे, कुणाला झोप येत नसेल तर पाठवून देतो.

घुबड (१०:२५)

पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.