मॉलमधल्या रेस्टॉरंटमध्ये एकट्याने जेवताना टेबल, बॅग, ऑर्डर आणि बिल कसं सांभाळायचं?

वाटसरू

एकट्याने जेवायला संकोच वाटत नाही, त्यामुळे 'पुस्तक न्या, हेडफोन लावा' हे सल्ले कृपया नकोत. अडचणी सगळ्या कामाच्या आहेत. टेबलावर वेटर येऊन ऑर्डर घेतो, अशी साधी जागा धरून चाला.

दारात नाव लिहून घेतात, पण एकट्याचा नंबर लवकर का लागत नाही? मेन्यूवरचं सगळं दोघा-तिघांच्या मापाचं असतं, त्यातून ऑर्डर कशी बसवायची? मध्येच उठावं लागलं तर बॅग उचलायची की टेबल राखायचं? आणि पुढे सिनेमाची वेळ असेल तर बिल वेळेत हातात यावं म्हणून काय करायचं?

काटाचमचा

दारातल्या प्रश्नाचं उत्तर देतो. वेटिंग लिस्ट माणसांवर नाही, टेबलांवर चालते. सगळ्यात लहान टेबल दोघांचं, म्हणजे एकटा माणूस आलेल्या प्रत्येक जोडीच्या रांगेत उभा असतो. मागे उभ्या सहाजणांना अचानक जागा मिळते ती मोठं टेबल सुटलं म्हणून. तुम्हाला डावललेलं नसतं. आता हेही खरं, की ऐन गर्दीत दोघांच्या टेबलावर एकजण बसला की त्या टेबलाचं बिल साधारण निम्मं होतं, आणि दारातल्या माणसाला ते दिसत असतं.

म्हणून नाव देतानाच सांगा: "एकच आहे, काउंटरवर किंवा लांब सामायिक टेबलावरही चालेल." त्या खुर्च्या जोड्यांना नको असतात, त्यामुळे रिकाम्या राहतात. गर्दी चढायच्या पाऊण तास आधी पोहोचलात तर हेही बोलावं लागत नाही. ऑनलाइन बुकिंग बऱ्याच ठिकाणी दोनपासून सुरू होतं. तिथे दोघांचं बुकिंग करून एकटे जाऊ नका. 'सगळे आल्यावरच बसवू' असा नियम असेल तर दारातच अडकाल. सरळ फोन करा.

टेबल निवडायची संधी मिळाली तर पाठीशी भिंत आणि समोर वेटर जिथून ये-जा करतात ती जागा, असं बसा. एकट्याला वेटरची नजर पकडणं हे अर्धं काम असतं, कारण मान वळवून बघायला समोर दुसरं कोणी नसतं. एसीच्या झोताखालचं टेबल नको. तुम्ही एकटेच खाताय, त्यामुळे मोठं ताट जास्त वेळ उघडं राहतं आणि निम्म्यावर येईतो गार होतं.

शेवटची_ऑर्डर

स्वयंपाकघराच्या बाजूचं सांगतो. ऑर्डर घेतली की केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, फाटते आणि एकाच केओटीवरचे पदार्थ शक्यतो एकत्र बाहेर काढतात. दोन पदार्थ वेगवेगळ्या विभागांतले असतील, एक ओव्हनचा आणि एक कढईतला, तर लवकर झालेला दुसऱ्याची वाट बघत राहतो. घाई असेल तर दोन्ही एकाच विभागातले मागवा, किंवा "जे आधी होईल ते आधी आणा" हे ऑर्डर देतानाच म्हणा. नंतर सांगितलेलं आतपर्यंत पोहोचेलच असं नाही.

सूप आणि मेन कोर्स एका दमात मागवले की दोन्ही पाठोपाठ येतात, ही एकट्याची नेहमीची तक्रार. त्याचं कारण साधं आहे. स्टार्टर दोघा-तिघांत संपेल असा अंदाज धरून मेन कोर्स लावला जातो. तुम्ही तीच प्लेट एकटे खाताय, म्हणजे दुप्पट वेळ. लहान टेबलाची बाजू असते साधारण ६० ते ७५ सेंमी. त्यावर दोन मोठ्या प्लेट, पाण्याचा ग्लास आणि फोन मावत नाहीत, आणि सांडतं ते इथेच. "सूप आधी, मेन कोर्स मी सांगितल्यावर लावा" असं स्पष्ट सांगा आणि सूप तीन-चतुर्थांश संपलं की हात करा. संपल्यावर केलात तर पंधराएक मिनिटं रिकामं बसाल.

मापाचा अंदाज नावावरून येत नाही. "किती जणांना पुरेल?" असं विचारलंत तर "दोघांना आरामात" हे ठरलेलं उत्तर मिळतं. त्यापेक्षा तुकडे किती, वाटी केवढी, हे विचारा. हाफ मेन्यूवर छापलेलं नसलं तरी विचारून बघा. मात्र सगळ्याचं हाफ होत नाही. कढईत परतलेलं, पातेल्यातून वाढलेलं, म्हणजे सूप, भात, नूडल्स, रस्सा, याचं होतं. साच्यात भाजलेलं किंवा तुकडे मोजून आधीच बांधून ठेवलेलं, त्याचं होत नाही. हाफची किंमत बहुधा निम्म्यापेक्षा जास्तच असते, तेव्हा जिभेला चव म्हणून घ्या, बचत म्हणून नको.

माझ्या मते एकट्याला एक मेन कोर्स आणि एक छोटी साइड डिश पुरते. 'दोघांसाठी' म्हणून लावलेले कॉम्बो सोडून द्या. माणशी दर असलेला बुफे मात्र एकट्याला चांगला. सगळं थोडं थोडं चाखता येतं आणि कुणाची वाट बघावी लागत नाही.

निवांत

उठण्याबद्दल. खरेदीच्या पिशव्या घेऊन जेवायला बसूच नका. मॉलमध्ये सामान ठेवायची सोय असेल तर तिथे, नाहीतर जेवण आधी आणि खरेदी नंतर. जवळची बॅग भिंतीकडच्या खुर्चीवर ठेवा, किंवा पायाशी ठेवून पट्ट्यातून खुर्चीचा पाय घाला. खुर्चीच्या पाठीला लटकवलेली बॅग तुम्हाला सोडून सगळ्यांना दिसते.

उठायची योग्य वेळ म्हणजे ऑर्डर दिल्यावर लगेच, पहिली प्लेट यायच्या आत. बॅग, फोन, पाकीट सोबत न्या. टेबलावर गेली तरी हळहळ वाटणार नाही अशी वस्तू ठेवा. अर्धवट जेवणातून उठायची वेळ आलीच तर नॅपकिन खुर्चीवर ठेवा आणि काटा-सुरी ताटात तिरकी, एकमेकांपासून फाकवून ठेवा. दोन्ही समांतर ठेवलीत तर 'संपलं' असा अर्थ होतो. पण ही खूण प्रत्येक वेटरला ठाऊक असते असं नाही, आणि टेबल आवरणारा मुलगा निराळाच असतो. त्यामुळे तोंडाने सांगा: "पाच मिनिटांत येतो, ताट उचलू नका." तेही तुमच्या वेटरलाच. दारातल्या माणसाला सांगून उपयोग नाही.

काटाचमचा

बिलाचं राहिलं. शेवटची डिश टेबलावर आली की तेव्हाच "बिल तयार ठेवा" म्हणा. खाऊन झाल्यावर मागितलंत तर बिल छापणं, कार्ड मशीन मोकळं होणं, नेटवर्क मिळणं, यात दहा-पंधरा मिनिटं जातात. तळमजल्यावर फोनचं नेटवर्क दगा देतं, तेव्हा कार्ड किंवा रोख जवळ हवी. बिलावर टेबल नंबर आणि माणसांची संख्या बघा. काही ठिकाणी ब्रेडचे किंवा नुसतं बसण्याचे पैसे माणशी लावतात आणि दोघांचं टेबल म्हणून '२' छापून येतं.

शेवटची_ऑर्डर

निवांत यांच्या 'जेवण आधी'ला माझी एक पुरवणी. पार्सल घेणार असाल तर जेवण शेवटीच ठेवा. शिजलेलं अन्न बाहेर २ तास, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तास, याहून जास्त राहू नये. घड्याळ टेबलावर वाढल्यापासून चालू होतं, घरी निघाल्यापासून नाही. पार्सल मांडीवर घेऊन सिनेमाला बसलात तर ते फेकायचंच. भाताची तर विशेष काळजी घ्या. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करून जात नाही.

उरेल असं वाटलं तर खायला सुरुवात करण्याआधीच स्वच्छ चमच्याने निम्मं बाजूला काढून ठेवा. उष्टं न झालेलं दुसऱ्या दिवशीही नीट लागतं.

वाटसरू

टेबलांवर चालणारी रांग हे लक्षातच आलं नव्हतं. फूड कोर्टाचंही विचारून घेतो: एकट्याने जागा आधी धरायची की ऑर्डर आधी द्यायची?

निवांत

ऑर्डर आधी. जागा धरायला मागे ठेवायला माणूस नाही, आणि खुर्चीवर बॅग ठेवून रांगेत उभं राहणं म्हणजे बॅगेवर पाणी सोडणं. टोकन किंवा बझर मिळाला की काउंटर दिसेल अशा जागेजवळ उभे राहा. चमचे, टिश्यू, पाणी हे सगळं ट्रे उचलायच्या आधी त्यावर चढवा, कारण एकदा बसलात की पुन्हा उठणं म्हणजे ट्रे सोडून जाणं. पातळ पदार्थ झाकण लावून मागा आणि ट्रेच्या मध्यभागी ठेवा. मग पहिली रिकामी दिसेल ती खुर्ची.